पाचवीच्या इतिहासातला आमचा तलाव

आमच्या गावाला मिडल शाळा मंजूर झाली तेव्हा तिला बसायला जागा नव्हती. पहिली ते चौथी मारुतीच्या देवळामागच्या खोल्यांत भरायची. पाचवी, सहावी, सातवी कुठे बसवायची, यावर गावाने बरेच दिवस विचार केला आणि विचार करून करून सगळे थकले. तेव्हा मी माझा मोठा गोठा दिला. गुरं मांडवाखाली नेली, भुई सारवून घेतली, गव्हाणीच्या जागी फळा टांगला. त्या बदल्यात मला शाळेच्या समितीवर घेतलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, तेही सलग नाही. म्हणजे मी समितीवर गेलो तो विद्येच्या जोरावर नाही, गोठ्याच्या जोरावर. पण नीट पाहिलं तर समितीवरचे सगळेच कशाच्या ना कशाच्या जोरावर बसलेले असतात. माझा गोठा निदान डोळ्यांना दिसत होता.

त्याच सुमारास आमचा चांदा जिल्हा एका राज्यातून काढून दुसऱ्या राज्यात ठेवला. आम्ही होतो तिथेच होतो. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं, वैनगंगा, काही हललं नाही. बदलला तो इतिहास. जुनं पुस्तक बाद झालं आणि नवं अजून छापून यायचं होतं. पोरं मधल्या मधे बिनइतिहासाची बसून होती आणि मजेत होती. मग वरून कागद आला. पाचवी ते सातवीला इतिहासात काय शिकवायचं त्याची आखणी शाळेनेच करावी, पाचवीचा पहिला धडा आपल्या गावाचा असावा, आणि त्यासाठी गावातली जाणती माणसं सोबत घ्यावी.

जाणती माणसं चार निघाली. एक हेडमास्तर. हे वर्ध्याकडचे, तरुण, शुद्ध बोलणारे, आणि प्रत्येक गोष्टीची वही घालणारे. दुसरे गावचे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी सरकारने काढून घेतली त्याला काही वर्षं झाली होती, पण ते अजून मालगुजारासारखेच बसत, आणि आम्हीही सवयीने त्यांना मालकच म्हणत होतो. जमीन गेली, तलाव सरकारजमा झाला, आता त्यांच्याकडे उरला होता तो इतिहास. तिसरा गोंडटोल्याचा भुमक, म्हणजे त्यांच्या देवाचं सगळं पाहणारा म्हातारा. आणि चौथा मी, गोठ्याचा.

पहिली बैठक गोठ्याच्या पडवीत भरली. हेडमास्तरांनी आखणी वाचून दाखवली. पाचवीला गाव आणि जिल्हा, सहावीला देश, सातवीला जग. मला क्रम पटला. माणूसही असाच बाहेर पडतो. आधी तलावाची पाळ, मग आठवडी बाजार, मग कोर्ट.

मालगुजार म्हणाले, "इतिहास म्हंजे राजे अन् लढाया. बाकीचं शेतीत येते."

"आमचे राजे होते ना चांद्याले," भुमक म्हणाला. "त्यायले घ्या."

"घेतले आहेत," हेडमास्तर म्हणाले. "चांद्याचा किल्ला, गोंड राजे, सगळं घेतलं आहे. आता गावाचं सांगा. आपल्या गावात लढाई वगैरे झाली होती का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बांधाच्या धुऱ्यावरून झाल्या होत्या, त्यातल्या काहींत आम्ही स्वतः होतो. पण त्या पाचवीच्या पोरांना सांगण्यासारख्या नव्हत्या.

तेव्हा मी माझं म्हणणं मांडलं. पोरं रोज ज्या पाळीवरून शाळेत येतात, ज्या पाण्यावर त्यांच्या घरचं धान पिकतं, ज्यात म्हशीसंगं डुंबतात, तो तलाव पहिल्या धड्यात पाहिजे. राजा कोणी पाहिला नाही. तलाव तर इथून दिसतो.

हे सगळ्यांना मान्य झालं. हेडमास्तर खूश झाले. त्यांनी लगेच वहीत लिहिलं, "आमच्या गावचा तलाव." खाली लिहिलं, "हा तलाव", आणि टाक दौतीत बुडवून विचारलं, "कोणी बांधला?"

"आमच्या आज्यानं," मालगुजार म्हणाले.

"आमच्या बुढ्यानं," मी म्हणालो.

दोघंही एकदम बोललो. भुमक हसला. तो तंबाखू मळत होता, त्याने मळणं थांबवलं नाही.

इथे थोडं सांगावं लागेल. आम्ही मुळातच तलाव बांधणारे लोक. गोंड राजाच्या काळी अशी रीत होती की रानात जाऊन जो तलाव बांधेल, त्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन त्याची. त्याला तुकूम म्हणत. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले की आमचा थोरला बुढा बैलावर बिऱ्हाड लादून इथे आला, दोन टेकड्यांची जागा पाहिली, मधात पाळ घातली आणि मग खाली गाव वसलं. मालगुजारांचं घराणं त्यानंतर बऱ्याच काळाने, कागद घेऊन आलं. हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. मालगुजारांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि धड्यात असणं वेगळं, हे आम्हा दोघांनाही त्याच दिवशी कळलं.

मालगुजार म्हणाले, "पाळीवरच्या देवळाले दगड आहे. त्याच्यावर आमच्या आज्याचं नाव कोरलं आहे. जाऊन पाहून या मास्तर."

"ते देवळाच्या पायऱ्या बांधल्या त्याचा दगड होय," मी म्हणालो. "पायऱ्यायवर नाव टाकल्यानं तलाव होत नाई मालक. उद्या मी शाळेच्या दाराले कडी बसवली तं शाळा का माही झाली?"

"शाळा तुहीच तं आहे, बुवा. तुहाच गोठा."

यावर भुमक परत हसला.

हेडमास्तरांनी हात वर केला. ते न्यायी माणूस होते, आणि न्यायी माणसाला लिहून काढल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणाले, "तुकुमाची गोष्ट मी जिल्ह्याच्या माहितीत वाचली आहे. भाऊ म्हणतात ते खरं असू शकतं. मालक, तुमच्या आजोबांच्या आधीपासून तलाव होता, हे तुम्हीही नाकारत नाही ना?"

मालगुजारांनी मान वळवली. ते पाळीकडे पाहत बसले.

"मग भाऊ, सांगा," हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तुमच्या त्या पूर्वजांचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. आणि तोंडात नाव नव्हतं.

बापाचं नाव मला ठाऊक होतं, आज्याचं ठाऊक होतं. पणजाही कसाबसा. त्याच्या पलीकडे होता तो थोरला बुढा. आमच्या घरात त्याला तेवढंच म्हणत. श्राद्धाला पान वाढताना, नांगर धरताना, पेरणीच्या पहिल्या मुठीला, सगळीकडे थोरला बुढा. त्याचं नाव घेणं म्हणजे त्याला हाक मारणं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला हाक कोण मारणार? घरच्या सुना तर सासऱ्याच्या नावासारखा दुसरा शब्द आला तरी जीभ वळवून बोलायच्या. असा मान देता देता आम्ही त्याचं नाव पार संपवून टाकलं होतं.

मालगुजारांची नजर पाळीवरून माझ्यावर आली.

"काऊन भाऊ," ते हळूच म्हणाले, "बाप आहे, आजा आहे, तलाव बांधनाराच नाई? मधातूनच उगवले का तुम्ही?"

बोलायला माणूस गरीब असला तरी चालतं, बिनशिकला असला तरी चालतं. पण ज्याचा मोठेपणा सांगायचा त्याचंच नाव नाही, अशा माणसाने बोलू नये. हेडमास्तरांनी जागा कोरी ठेवली. म्हणाले, "पुढल्या बाजाराच्या दिवशी मी आखणी घेऊन कचेरीत जाणार आहे. सकाळपर्यंत नाव आणा. नाही आलं तर दगडावर आहे ते लिहावं लागेल. इतिहासाला काहीतरी आधार लागतो."

घरी येऊन आईला विचारलं. ती सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती.

"मले कोन सांगन?" ती म्हणाली. "मी या घरची सून. अन् कोनं सांगतलं असतं तरी मी घेतलं असतं का ते नाव?" मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तुलेच तं ठेवलं होतं ते."

"काय ठेवलं होतं?"

"नाव. थोरल्या बुढ्याचं. तू झाला तं तुह्या बापाची हौस. आत्यानं तुह्या कानात सांगतलं. पन मी तुले त्या नावानं कशी बलावू? मग हाकेचं दुसरं ठेवलं."

चाळिशीच्या जवळ आलेल्या माणसाला त्याच्या आईने सांगावं की तुझं खरं नाव वेगळंच आहे आणि ते तिला ठाऊक नाही. मी तिथेच पायरीवर बसलो. आमच्याकडे मुलाला दोन नावं असतात, एक कानातलं, एक हाकेचं, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या कानात कोण बसला आहे ते मी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? हाकेला ओ देता येत होती, तेवढ्यावर निम्मं आयुष्य निघालं होतं.

आता नाव ठाऊक असणारं एकच माणूस जितं होतं. माझी आत्या. ती धानोऱ्याच्या अलीकडे जंगलातल्या गावी दिली होती. मी बंडी जुंपली. वाटेत मोहाच्या झाडांखाली बायापोरं फुलं वेचत होती, सगळीकडे गोड वास होता, आणि मी आपला मनातल्या मनात मालगुजारांना उत्तरं देत चाललो होतो. इतकी चांगली उत्तरं मला समोर कधी सुचली नाहीत.

आत्या अंगणात मोहफुलं वाळत घालून त्यांची राखण करत बसली होती. फार थकली होती, पण आवाज तसाच होता. पाया पडलो, पाणी प्यालो. ती म्हणाली, "मोहाच्या दिवसात काऊन आला गा? कोनी मेलं का?"

"नाई आत्या. नाव पायजे होतं."

"कोनाचं?"

"माहं."

मग मी सगळं सांगितलं. शाळा, धडा, मालगुजार, कोरी जागा. तिला धडा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती म्हणाली, "मंग मी तं तुह्या कानातच सांगतलं होतं. तुले याद राहाले पायजे."

"आत्या, मी बारा दिवसाचा होतो."

"अन् मी का लहान होती? पाळन्यात वाकली होती, अन् तुह्या घरच्या साऱ्या बाया मागून पाठीवर धपाटे मारून राहिल्या होत्या. तुही मोठी काकू तं राग काढून घेतल्यावानी मारे. नाव सांगतलं का माहा जीव सांभाळला, तेच समजलं नाई."

बारशाला आत्या नाव सांगताना बायांनी तिच्या पाठीवर धपाटे घालायचे, ही आपल्याकडची रीत आहे. ती कोणी कशासाठी काढली मला माहीत नाही. पण आमच्या तलावाचा इतिहास त्या धपाट्यांत हरवला, एवढं मी खात्रीने सांगतो.

ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मग तिने एक नाव सांगितलं. मी आनंदाने उठलो. तशी ती म्हणाली, "थांब. का दुसरं होतं?" आणि दुसरं सांगितलं. दोन्ही नावं आमच्याच घरची, दोन्ही थोरल्या माणसांची. एक बुढ्याचं आणि एक त्याच्या भावाचं. कोणतं कोणाचं, यावर ती आधी पहिल्याची शपथ घ्यायची, मग दुसऱ्याची. मी जेवून निघेपर्यंत तिने दोघांनाही तलाव बांधायला लावला होता.

ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. त्यातला एकजण पाळीवर मरेस्तोवर राबला आणि दुसरा कदाचित नुसता त्याचा भाऊ होता. मी चुकीचं लिहिलं तर खऱ्याचा हक्क दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी तो माझ्या हाताने जाईल.

बाजाराच्या दिवशी सकाळी चौघं परत पडवीत जमलो. मी दोन्ही नावं सांगितली आणि अडचण सांगितली.

हेडमास्तर म्हणाले, "भाऊ, एक लिहून टाकू. कोण विचारायला येतं?"

"मी येतो ना," मी म्हणालो. "रोज येतो पाळीवर."

मालगुजारांनी पानाचा डबा उघडला. "दोन्ही लिहा मास्तर. एवढा मोठा तलाव, एका मानसानं थोडाच बांधला असन? अन् तिसरं आमच्या आज्याचं घाला. भाईबंदकी होऊन जाईन."

ते मस्करी करत होते, पण तिसरं नाव घालायचं ते मस्करीत नव्हतं. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. मोटरची वेळ होत आली होती. ते म्हणाले, "मग नाइलाज आहे. दगडावर आहे ते..."

"मास्तर," मी म्हणालो, "दगडावरचं लिहा. पन मंग शाळाही दगडावरच भरवा. पाळीवर सावली चांगली आहे."

आत सातवीची पोरं पाढे म्हणत होती, तेवढं ऐकू येत होतं. हे बोलणं शोभणारं होतं की नव्हतं, यावर माझ्या घरी पुढे पुष्कळ चर्चा झाली. मला तेव्हाही शोभलं आणि आजही शोभतं. मालकांजवळ दगड होता. माझ्याजवळ गोठा होता. इतिहास असाच लिहितात, हे हेडमास्तरांना कॉलेजात शिकवलं नसेल, पण ते हुशार होते, त्यांना तिथल्या तिथे समजलं.

त्यांनी टाक उचलला, थोडा विचार केला आणि कोऱ्या जागेत लिहिलं. मग वाचून दाखवलं, "हा तलाव पूर्वीच्या लोकांनी बांधला."

मालगुजारांनी डबा मिटला. मी भिंतीकडे पाहिलं. दोघांचंही नाक कापलं गेलं होतं आणि दोघांनाही दुसऱ्याचं कापलेलं पाहून थोडं बरं वाटत होतं.

भुमकाने तंबाखू तोंडात टाकली. म्हणाला, "बराबर लिवलं."

"तुमाले काय बराबर वाटलं त्याच्यात?" मालगुजारांनी विचारलं.

"पूर्वीचे लोक म्हंजे आमीच की, मालक. तुमच्या दोघायच्याही आंधीचे."

तो त्या सगळ्या आखणीत फक्त एवढंच बोलायला आला होता, असं मला पुढे वाटत राहिलं. हेडमास्तर मोटर पकडायला पळाले. आखणी मंजूर होऊन आली. त्या वाक्याला कचेरीत कोणी हात लावला नाही. कोणाचंच नाव नसलेलं वाक्य कचेरीला आवडतं.

पुढल्या वर्षी तपासणीला साहेब आले. त्यांनी पाचवीला विचारलं, "तलाव कोणी बांधला?" साऱ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, "पूर्वीच्या लोकांनी." साहेबांनी विचारलं, "पूर्वीचे लोक म्हणजे कोण?" हे धड्यात नव्हतं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "जे मेले ते." साहेबांनी शाळेचा शेरा चांगला लिहिला.

पुढे नवी पुस्तकं छापून आली आणि आमचा धडा बाद झाला. शाळेला स्वतःची इमारत झाली, पाळीच्या खालच्या अंगाला. माझा गोठा मला परत मिळाला आणि माझं समितीतलं वजन गुरांसोबत गोठ्यात जाऊन बसलं. मालगुजार गेले. आत्या तर त्याच्या आधीच गेली होती. पण मी ते प्रकरण सोडलं नव्हतं. मी प्रकरणं सोडत नाही, हे माझ्या घरचे तुम्हाला सांगतील, आणि कौतुकाने सांगणार नाहीत.

मला दोन नातू झाले. दोघांच्याही बारशाला मी स्वतः पाळण्याजवळ उभा राहिलो आणि बायांना धपाटे घालू दिले नाहीत. थोरल्याला आत्याने सांगितलेलं एक नाव दिलं, धाकट्याला दुसरं. मोठ्याने, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं. आणि घरात सांगितलं की या पोरांना या नावांनीच हाक मारायची. हाकेचं वेगळं नाव चालणार नाही.

सून बिचारी खाली पाहून म्हणाली, "मामाजी, आमच्यानं नाई होनार."

माझी बायको म्हणाली, "थोरल्या बुढ्याले मी नावानं बलावू? अन् भाताले काय म्हनून बसवू, ये रे अमक्या? जीभ झडन ना."

मी चिडलो, दोन दिवस बोललो नाही. त्याचा उपयोग झाला नाही. माझ्या न बोलण्याची त्यांना सवय होती. तेव्हापासून आमच्या घरात दोन पोरं वाढली, एकाचं नाव मोठा बुढा आणि दुसऱ्याचं लहाना बुढा.

पण शाळेत नाव घालायला मी गेलो. सुनेला नेलं नाही, बायकोला नेलं नाही. हजेरीत दोन्ही नावं माझ्यासमोर लिहून घेतली आणि अक्षर अक्षर तपासलं. पहिले काही दिवस गुरुजींनी नाव पुकारलं की थोरला नुसता बसून राहायचा, आणि त्याची गैरहजेरी लागायची. त्याला वाटायचं दुसऱ्या कोणाला बोलावतात. मग मी त्याला पाळीवर नेऊन बसवलं, तलाव दाखवला, आणि ओ द्यायला शिकवलं. धाकट्याला शिकवायला लागलं नाही, तो थोरल्याचं पाहून शिकला.

सकाळी मी पाळीवर जाऊन बसतो. लोकांना वाटतं म्हातारा उन्हाला बसला आहे. खाली शाळेत हजेरी सुरू होते. गुरुजी एका वर्गात एक नाव पुकारतात, जरा वेळाने शेजारच्या वर्गात दुसरं. त्यातलं एक तलाव बांधणाऱ्याचं आहे. कोणतं ते मला माहीत नाही. दोन्ही नावांना आतून उत्तर येतं, "हजर." मग मी उठतो.